येवा, बसा, हालू नकात

मंगळवार, २३ सप्टेंबर १९५८. कुडाळ.

साबण आला! मुंबईच्या एका साबण कंपनीने जाहिरातीच्या वाक्यांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात माझ्या 'अंगास साबण, मनास समाधान' या वाक्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. डबाभर वड्या आणि सही-शिक्क्याचे प्रशस्तिपत्र. पहिले बक्षीस मिळालेले वाक्यही त्यांनी छापून पाठवले आहे. त्यात फेसाशिवाय काही नाही. पण असो, मी काही मनाला लावून घेणारी नाही. दुपारी लावून घेतले होते, संध्याकाळी सोडले.

माईने वड्या हुंगल्या आणि म्हणाली, "बरी आसत. पावण्यांका होतीत." म्हणजे माझी साहित्यसेवा न्हाणीघरात जाणार, तीही पाहुण्यांच्या.

बाबांनी मात्र प्रशस्तिपत्र चष्मा लावून वाचले. बाबा कचेरीत हेडक्लार्क आहेत, शिक्का असलेल्या कागदाचा त्यांना फार आदर. वाचून झाल्यावर पडवीकडे बोट दाखवून म्हणाले, "गो सरला, इतकी वाक्यां करतस, तर त्या गुरुदासाक एक करून दी. दिसभर नुसतो बसान आसता बिचारो."

गुरुदास वालावलकर म्हणजे आमचा भाडेकरू. मूळचा वालावलचा, गिरगावात मामाच्या स्टुडिओत फोटो काढायला शिकला आणि आता चतुर्थीच्या मुहूर्तावर त्याने आमच्या पडवीत स्वतःचा स्टुडिओ उघडला आहे. उजेडासाठी छपरात काचेची कौले बसवली. मागे लावायला पिंगुळीच्या चित्रकथी ठाकरांकडून पडदा रंगवून घेतला. त्याने फक्त राजवाडा सांगितला होता, त्यांनी राजाही काढून दिला. तो राजा टपोऱ्या डोळ्यांनी खुर्चीवर बसणाऱ्याकडे बघत असतो. पण खुर्चीवर बसायला कोणी येत नाही. आतापर्यंत दोन गिऱ्हाइके झाली, बाबा आणि समोरच्या चहाच्या दुकानातला बाबली. दोघेही फुकट.

मामाने गिरगावातली त्याची जागा दिवाळीपर्यंत रिकामी ठेवली आहे. तोवर स्टुडिओ चालला नाही तर हा परत मुंबईला. मला काय त्याचे? पण पडवी रिकामी झाली की बाबा तिथे पुन्हा नारळ भरणार आणि उंदीर येणार. म्हणून मी हो म्हटले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

शाळेने टाकून दिलेला एक फळा बाबांनी मिळवला. काल बाजारचा दिवस, म्हणून सकाळीच तो रस्त्याच्या कडेला ठेवून मी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सौंदर्यप्रेमी रसिक नागरिकहो! जीवनातील अमोल क्षण चिरंतन करण्यास्तव अविलंब पदार्पण करावे.'

गर्दी झाली. मी दाराआडून बघत होते आणि माझे मलाच धन्य वाटत होते. लोक थांबत, वाचत, एकाने तर टोपी काढली. मग पुढे जात. शेवटी बाबली आला आणि मला विचारू लागला, "बाई, नाटक कधी आसा? रातीचा काय?"

गुरुदासला विचारले, वाक्य कसे वाटले? तो म्हणाला, "बरा आसा." या माणसाला सगळेच बरे असते. त्याला न अडखळता येणारी वाक्ये तीनच: "येवा. बसा. हालू नकात." गिऱ्हाईक नसताना त्यांचाही उपयोग नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

स्पर्धेच्या पत्रकावरचे नियम पुन्हा वाचून काढले. 'वाक्य आज्ञार्थी व आटोपशीर असावे. वाचकास तत्काळ कृती करावीशी वाटली पाहिजे.' माझे चुकले ते इथे. मी रसिकांना पदार्पण करायला लावत होते, त्यात त्यांचा अर्धा दिवस गेला असता. म्हणून कालच्या बाजाराला आटोपशीर लिहिले: 'आजच या! फोटो काढा!'

पण पत्रक लिहिणारा साहेब आमच्या भागात कधी आलेला नसावा. आमच्या माणसाला 'ये' म्हटले की तो 'कित्याक?' विचारतो आणि 'बस' म्हटले की 'उबोच बरो आसय' म्हणतो. दिवसभर नुसते प्रश्न. "आजच कित्याक? फाल्यां बंद काय?" "आज काय फुकट आसा?" एकाने तर "तू कोण सांगणारी?" असेच विचारले.

जे भांडले नाहीत ते "येतलंव" म्हणाले. हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या आमंत्रणापासून कौले शाकारण्यापर्यंत सगळीकडे चालतो आणि त्याचा अर्थ कोणी येणार नाही एवढाच असतो. गुरुदास इतकी वर्षे मुंबईत राहून हे विसरला. ज्याने ज्याने "येतलंव" म्हटले त्याच्यासाठी तो खुर्ची पुसून ठेवत होता. संध्याकाळी पाचव्यांदा की सहाव्यांदा त्याला खुर्ची पुसताना पाहिले आणि मला फार वाईट वाटले. उंदरांचा यात काही संबंध नव्हता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आजचा दिवस फळ्यासारखा पुसता आला असता तर किती बरे झाले असते.

पत्रकात आणखी एक नियम आहे: 'विलंब केल्यास संधी हुकेल, अशी भावना निर्माण करावी.' मी रात्रभर विचार करून ती भावना निर्माण केली. सकाळी फळ्यावर लिहिले: 'आजच फोटो काढा! उद्याचा भरवसा कोणी द्यावा?'

हौसाबाई अंड्यांची टोपली घेऊन बाजाराला आली होती. सत्तरीच्या पुढची म्हातारी, आतल्या गावची. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने बाबलीला विचारले, "काय लिवलाहा रे?" बाबलीने खणखणीत आवाजात वाचून दाखवले. त्याला वाचता येते हे त्याला बाजाराला कळवायचेच असते.

आता आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा फोटो कशासाठी काढतात हे लहान पोरालाही माहीत आहे. भिंतीला लावायला आणि वर हार घालायला. मला ते नेमके लिहिताना आठवले नाही. हौसाबाईने टोपली रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"मेल्यानू! मी काय आज मराक इलंय बाजारात? उद्याचो भरवसो नाय म्हंता! हार पण आणून ठेवलास काय रे?"

सगळा बाजार गोळा झाला. गुरुदास बाहेर येऊन म्हणाला, "येवा, बसा." त्याला दुसरे काही सुचले नाही. म्हातारी आणखीच भडकली. तेवढ्यात कोणीतरी सांगितले की गणपत कासार सकाळी या फळ्यासमोर उभा होता आणि आता तापाने फणफणला आहे. संध्याकाळपर्यंत अशी बोलवा झाली की मुंबयचो फोटोवालो कोण कधी जाणार ते काचेतून बघतो. लोक आता आमच्या घरासमोरून न जाता पलीकडच्या कडेने जातात.

गुरुदासने स्वतः फळा पुसला. मला वाटले, आता बोलेल. बोलला असता तर बरे झाले असते. तो फक्त एवढेच म्हणाला, "तुमी लिवा दुसरा. माका लिवूक येना नाय." मी आत जाऊन माईसमोर रडले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

संकटे एकेकटी येतील तर शपथ. बाबांनी बेळगावचे स्थळ आणले आहे. मुलगा बँकेत आहे. त्यांना मुलीचा फोटो हवा. "घरातच स्टुडिओ आसा, मगे बाहेर कित्याक जावचा?" असे बाबा म्हणाले आणि मी माईची हिरवी साडी नेसून राजासमोर बसले.

गुरुदासने डोक्यावर काळे कापड घेतले, मग बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या शेजारी, फोटो टिपायला दाबतात तो रबरी फुगा हातात धरून उभा राहिला. उजेड कमी, त्यामुळे बराच वेळ दम धरून बसावे लागते. "हालू नकात," म्हणाला. मी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फोटो बिघडला. गुरुदास म्हणतो, "तुमी हाललास." मी हलले नव्हते! पण काचेची प्लेटही दाखवली नाही, धुऊन टाकली म्हणे. पुन्हा बसावे लागणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज काय झाले ते नीट लिहून ठेवते.

फळा कोराच ठेवला होता. मला काही लिहायची हिंमत नव्हती. दुपारी हौसाबाई आली आणि पडवीच्या पायरीशी उभी राहिली. "बंद झाला काय नाय, ता बघूक इलंय," म्हणाली.

मी बाहेर गेले. "आजये, तेचा काय एक चुकला नाय. ता मी लिवलंलय."

"तू? आणि शिकलेली मां गो तू?"

मी म्हटले, चूक झाली. तरी तिचे संपेना. "माझो फोटो कोणाक व्हयो गो? भिंतीर टांगूक?"

मला तिला फक्त शांत करायचे होते, आणखी काही मनात नव्हते. मी म्हटले, "भिंतीर कित्याक? तुमच्या झिलाक धाडूक. महादू मुंबयक गिरणीत आसा मां? औंदा चतुर्थेक पण इलो नाय. तुमका बघून तेका वरस झाला. तो थंय तुमची वाट बघत आसतलो."

मुलाचे नाव निघाले तशी म्हातारी पायरीवर टेकली. टोपली खाली ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "रजा मिळूक नाय तेका." आणि पदर सारखा करत, "फोटोत माका बघून बरा वाटतला तेका?"

"वाटतला तर!"

"मगे ह्या लुगड्यात कशी बसू गो? तेका वाटतला, आवस फाटक्यात रवता."

माईने आपले नवे लुगडे काढून दिले. म्हातारी नेसून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसली. मागे वळून बघितले आणि "ह्यो माका असो कित्याक बघता?" म्हणून राजालाही एक शब्द ऐकवला. गुरुदास म्हणाला, "हालू नकात." ती अशी बसली की झाल्यावर "झाला, आजये" असे दोनदा सांगावे लागले.

जाताना तिने गुरुदासला विचारले, "तो हसात काय रे माका बघून?" गुरुदास म्हणाला, "नाय. खूश होतलो." इतके सरळ बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकले.

ती गेल्यावर मी खडू घेतला. सगळा वेळ मी बाजाराला हुकूम सोडत होते. या, काढा, घाई करा. आणि कोणासाठी यायचे ते कधी सांगितलेच नाही. मी लिहिले, आणि पुस्तकी भाषेत न लिहिता जसे तोंडून आले तसेच लिहिले:

'मुंबयत तुमचो माणूस तुमची वाट बघता. फोटो धाडून देवा.'

कचेरीतून आल्याआल्या बाबा फळ्यासमोर थबकले. "फळ्यार मालवणी? मामलेदारसाहेब वाचतीत मरे!" पण पुसायला सांगितले नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

लिहायला फुरसतच नाही! काल दसरा आणि बाजार एकाच दिवशी आले आणि आमच्या पायरीपासून बाबलीच्या दुकानापर्यंत बायका उभ्या होत्या. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतोच. कोणाचा घोव, कोणाचा झील, कोणाचा भाऊ. त्या फळ्यासमोर थांबतात, शेजारणीला वाचायला लावतात, आणि मग 'येतलंव' म्हणत नाहीत, येतात.

नथ एकच आहे. गणपत कासाराची बायको सुगंधा बरा झालेला नवरा घेऊन आली होती, तिची ती नथ. पहिलीने मागून घेतली, मग दुसरीने, आणि दिवसभर ती नथ नाकानाकांतून फिरली. मुंबईत सगळे चाकरमानी एका खोलीत जमून फोटो बघतील तेव्हा काय वाटेल कोण जाणे. काशीबाई आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन आली. बापाने अजून पाहिलेले नाही. ते मूल मासळीसारखे वळवळत होते. गुरुदास त्यालाही अदबीने म्हणाला, "हालू नकात." आणि ते थांबले! फोटो इतका सुरेख आला की काशीबाईने तो पदराने पुसला.

माझा दुसरा फोटो मात्र पुन्हा हलला. ते मूल हलत नाही आणि मी हलते? मी मॅट्रिक झालेली बाई आहे. मी गुरुदासला स्पष्ट विचारले. तो काळ्या कापडात तोंड घालून बसला. तिथे बघण्यासारखे काही नव्हते, समोर नुसती खुर्ची होती.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

तिसराही हलला! बाबांना सांगितले तर ते बराच वेळ हसले. यात हसण्यासारखे काय आहे? बेळगावची माणसे वाट बघताहेत म्हटले, तर म्हणाले, "बघूदेत." मग पडवीत गेले आणि गुरुदासशी गप्पा मारत बसले. तुमचो कुळदेव खंयचो, घरात कोण कोण आसा, वालावलाक जमीन किती, असल्या चौकशा. कचेरीत दिवसभर हेच विचारतात, घरी आल्यावरही सवय जात नाही.

माईचेही काहीतरी बिघडले आहे. पूर्वी भाडेकरूला नुसती पेज धाडायची, आता घावने धाडते. नारळाच्या रसासकट.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मला इतका राग आला आहे की अक्षर वाकडे येते आहे.

गुरुदास मुंबईला जाणार! दिवाळी झाली की मालवणहून बोटीने. मी म्हटले, स्टुडिओ चालत नसता तर समजले असते. आता चालतो आहे, लोक नंबर लावून बसतात, मग? म्हणे वालावलहून चुलतभाऊ बाळा येईल, तो सांभाळील. "मगे तुमचा काय?" विचारले, तर खाली बघून म्हणाला, "हंय रवान काय करू?"

आणि लगेच विचारतो, "बेळगावाक थंडी खूप पडता मां?"

मी म्हटले, पडते, आणि आत आले. महिनाभर मी खडूने हात पांढरे केले, म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या, ते कशासाठी? आणि याला बेळगावच्या थंडीची चौकशी! कृतघ्न आहे. माईने त्याच्याकडचे घावने बंद करावेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज फोटो आला. चौथा. गुरुदासने माझ्या हातात न देता माईच्या हातात दिला. "ह्यो बरो इलो," एवढेच म्हणाला आणि गेला. आवाज बसल्यासारखा वाटला. त्याला सर्दी झाली असावी, दिवसभर पाण्यात हात असतो.

माईने फोटो बघितला. पुन्हा उजेडात नेऊन बघितला. मग लुगड्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. "ह्यो बेळगावाक धाडूचो नाय."

"कित्याक? परत हाललंय काय?"

"नाय."

"मगे?"

"तुका कळात तेव्हा बघ," म्हणाली. माझ्या स्वतःच्या घरात मला कोणी काही सांगत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंग झाले, पाहुण्यांच्या त्या साबणाने. माझेच वाक्य अंगाला लावून पाहिले, समाधान काही झाले नाही. तुळशीपाशी कारीट हे कडू फळ फोडताना सगळे नरकासुराचे नाव घेतात. मी अंगठ्याखाली कारीट ठेवले आणि गुरुदासला आठवून असे फोडले की बी थेट बाबांच्या धोतरावर उडाली.

मग तो पोह्यांना आला. आमच्याकडे या दिवशी पाच तऱ्हेचे पोहे असतात. त्याने सगळे खाल्ले आणि "बरे आसत" म्हणाला. मी त्याच्याकडे बघितले नाही. बघितले नाही असे मला वाटत होते. पण तो उठून गेल्यावर माई म्हणाली, "गो, तुझ्या पानातले तसेच आसत."

माई तुळशीकडे गेली तेव्हा किल्ली फडताळावर होती. मी कपाट उघडले.

फोटोत मी हललेली नाही. पदराची नक्षीसुद्धा स्पष्ट आहे. मागून राजा माझ्याकडे डोळे फाडून बघतो आहे. आणि मी कॅमेऱ्यात बघत नाही. कॅमेऱ्याच्या शेजारी बघते आहे, जिथे गुरुदास फुगा धरून उभा असतो. असा माझा चेहरा मी आरशात कधी पाहिला नव्हता. हा फोटो बेळगावला गेला असता तर त्या बँकेतल्या बिचाऱ्यालाही कळले असते. माईला कळले, बाबांना न बघताच कळले, त्या पडद्यावरच्या राजालाही कळले असेल. जिला वाक्यांचे बक्षीस मिळाले तिला तेवढे कळले नाही.

आणि पहिले तिन्हीही असेच आले असणार. म्हणून तो म्हणत राहिला, हाललास. बेळगावला धाडायला त्याच्याने देववले नाहीत, आणि मग जायचे ठरवून चौथा देऊन टाकला.

मला तो हवा आहे. लिहून टाकले. आता पुसता येत नाही, हा खडू नव्हे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उद्या सकाळच्या एस.टी.ने तो मालवणला जाणार, तिथून बोट. गेले आठ दिवस मी त्याच्याशी बोलायला पडवीत जाते आणि "खडू संपलो," असे सांगून परत येते. आता घरात खडूंचा डबा भरला आहे. बाळा आला आहे, त्याला कॅमेरा दाखवून झाला. ट्रंक बांधून झाली. दोन गावांतल्या बायकांना घरातून उठवून आणणारी मी, मला एक वाक्य बोलता येत नाही.

बोलता येत नाही, तर लिहिता येते ना?

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी बाजार भरायच्या आधी फळ्यापाशी गेले. ते जुनेच वाक्य होते, बायका रोज येतात म्हणून पुसले नव्हते. 'मुंबयत' पुसून तिथे 'हंय' लिहिले, म्हणजे इथेच. मग शेवटचे शब्दही पुसले. झाले असे:

'हंय तुमचो माणूस तुमची वाट बघता. जाव नकात.'

अक्षर पहिलीतल्या मुलीचे वाटत होते. मग पायरीवर बसून राहिले.

गुरुदास ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर आला. फळा बघितला. त्याला वाचायला नेहमी वेळ लागतो, पण आज फारच लागला. मग ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"ते फोटो बिघडाक नाय होते," म्हणाला.

"माका म्हायती आसा."

"माझ्या ट्रंकेत आसत तिनय."

"ता पण कळला."

"बेळगाव?"

"माईन धाडल्यानच नाय."

तो हसला. मी त्याला आधी हसताना पाहिले नव्हते असे नाही, पण माझ्यासाठी हसताना पाहिले नव्हते. तेवढ्यात मालवणची एस.टी. आली, कंडक्टरने हाक मारली, आणि गुरुदास बसल्या जागेवरून म्हणाला, "जावा तुमी." आतून बाबा खोकले. ते केव्हापासून दाराआड उभे होते, देव जाणे. "चाय पाठव गो, तीन कप," असे माईला ओरडून सांगितले आणि कचेरीत उशिरा गेले. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

या सगळ्यात फळा पुसायचा राहिला. बाजार भरला. लोक थांबून वाचू लागले, एकमेकांना कोपर मारू लागले. मी आत गूळ फोडत होते, मला पत्ताच नव्हता. बाहेरून ओळखीचा आवाज आला. हौसाबाई रस्त्याच्या मधोमध टोपली ठेवून उभी होती, महादूने पाठवलेल्या कोऱ्या लुगड्यात. बाबली तिला खणखणीत वाचून दाखवत होता.

"हंय? हंय कोण गो वाट बघता?" ती पडवीकडे तोंड करून ओरडली.

सगळा बाजार वळला. सुगंधा, काशीबाई, गणपत, सगळे. मी पायरीवर गुळाच्या हातांनी उभी. मागे वळून पळून जावेसे वाटले. पण सप्टेंबरपासून मी या लोकांना फळ्यावरून नाना परीने बोलावते आहे, आज त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता.

"मी!" मी ओरडून सांगितले.

असा हशा उठला की बाबलीच्या दुकानातली माणसे पेले घेऊन बाहेर आली. हौसाबाई म्हणाली, "मगे इतके दीस खंय होतस गो, बाय माझे?" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात मागे खडखड झाली. वळून बघते तर गुरुदासने कॅमेरा थेट पायरीपर्यंत आणून उभा केला होता, आणि आता माझ्या मागे राजा नव्हता, पडदा नव्हता, नुसता बाजार. तो काळ्या कापडातून बाहेर आला आणि फुगा हातात धरून म्हणाला, "सरला, हालू नको."

या वेळी मात्र मी खरोखरच हलले.